कोरडी पेटी

१

कस्तुरी गलगली कामावर आली की सगळ्यात आधी हात घालायची. बाकीचे लोक पर्स ठेवत, कॉफी घेत, संगणक सुरू करत. ती सरळ पेटीपुढच्या उंच स्टुलावर बसायची आणि पेटीच्या काचेतून बाहेर आलेल्या दोन काळ्या रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात सरकवायची. आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त दाबाखाली असे. त्यामुळे रिकामे हातमोजे कायम फुगून बाहेर आलेले असत, आत कुणी उभं राहून हात पसरल्यासारखे. नव्या माणसाला ते बघून कसंसंच व्हायचं. कस्तुरीला त्याचं काही वाटेनासं होऊन वर्षं झाली होती.

ती जे करायची ते सगळ्या देशात फार थोडे लोक करत असतील. चांदीचं सबफ्लोराइड. साध्या फ्लोराइडमध्ये चांदीच्या एका अणूला फ्लोरिनचा एक अणू, असा सरळ संसार असतो. यात फ्लोरिनच्या एका अणूमागे चांदीचे दोन. त्यामुळे हा पदार्थ धड क्षार नाही आणि धड धातूही नाही. मिठासारखे स्फटिक धरतो आणि तांब्याच्या तारेसारखी वीज वाहून नेतो. रंग ब्राँझचा, पण जरा तिरका धरला की सोनकिड्याच्या पाठीसारखी हिरवी झाक मारतो. आम्लाच्या भांड्यात अगदी मंद वीज सोडून कस्तुरी हे स्फटिक वाढवायची, कोरडे करायची आणि पेटीत ठेवायची. परदेशातल्या एका प्रयोगशाळेला ते नखाएवढे आणि निर्दोष हवे होते. त्या एका मागणीवर ही छोटी कंपनी तगून होती.

पेटी लागायची ती याच्यासाठी, की या पदार्थाला पाण्याचं विलक्षण वावडं. थेंब लांबच राहिला, दमट हवेची झुळूक लागली तरी तो मोडतो. फ्लोराइड निघून जातं, मागे उरते चांदीची करडी भुकटी. म्हणून पेटीत हवाच नव्हती. होता तो कोरडाठाक आर्गॉन वायू. दाब कमीजास्त झाला तर सावरायला मागच्या बाजूला एक झडप होती. दिवसातून कधीतरी ती 'टक' करायची.

जुलैतल्या त्या सोमवारी कस्तुरीनं हात आत घातले, चिमट्यानं स्फटिक उचलला आणि दिव्याकडे धरला. त्याच्या एका अंगावर करडा डाग होता. मधे गडद आणि कडेला विरत गेलेला, गोलसर.

तिनं बोटानं पुसल्यासारखं केलं, मग स्वतःलाच हसली. तो पुसून जाण्यासारखा नव्हता. तिथली चांदी उघडी पडली होती.

२

"गळती," श्रीवत्स सर म्हणाले. ते कंपनीचे मालक, रसायनातलेच, स्वभावानं सज्जन आणि त्या महिन्यात फार थकलेले. "दुसरं काय असणार? मुकुल, सगळं बघून घे."

मुकुल नागपूरकडचा. वर्षभरापूर्वी आलेला, शहरातल्या एचएसआर लेआउट वस्तीत तिघांत एक खोली घेऊन राहणारा. सरांशी इंग्रजी, वॉचमनशी हिंदी आणि कस्तुरीशी मराठी बोलायचा. त्यानं हातमोजे बदलले, रबरी कड्या बदलल्या, सांध्या-सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. एकही निघाला नाही. ओलाव्याचा मीटर तर सगळा वेळ शून्याला चिकटून होता.

दुसऱ्या सकाळी नव्या स्फटिकावर तसाच डाग.

मुकुल काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिला. "ताई, एक सांगू का? हसू नका."

"सांग."

"हे तर असं दिसून राहिलं, जसं कोणी चष्मा पुसायच्या आधी 'हाः' केलं."

कस्तुरी हसली. मुकुलही हसला. पण त्यानंतर दोघांनीही त्या डागाला गळतीचा डाग म्हटलं नाही. त्याला ते काहीच म्हणेनात. "आज आहे?" एवढंच विचारत.

३

शहराच्या दुसऱ्या टोकाला के. आर. पुरमच्या घरी पोचायला तिला रोज संध्याकाळ उलटायची. घर जुनं, तीन खोल्यांचं, वडिलांनी नोकरीत असताना बांधलेलं. दामोदर गलगली, तिचे अण्णा, एका सरकारी कारखान्यात उपकरणांचे इंजिनियर होते. दाबाचे, तापमानाचे, प्रवाहाचे मीटर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. आता त्यांचीच फुप्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे मागं फिरणारं दुखणं नाही. बैठकीतल्या आरामखुर्चीशेजारी ऑक्सिजनचं मशीन घुमत असायचं आणि त्याची नळी अण्णांच्या नाकात. त्यांच्या श्वासाचा आवाज घरभर ऐकू यायचा. दोन आखूड, मग एक लांब, आणि त्या लांबाच्या मधोमध एक अडखळ, पायरी चुकल्यासारखी. कस्तुरीला त्या आवाजाची इतकी सवय होती की तो जरा लांबला तर शेजारच्या खोलीत तिला जाग यायची.

लग्न तिनं केलं नव्हतं. आई सुलभा गुडघ्यांनी बेजार. या घराचं सगळं कस्तुरीवर होतं, आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. अण्णा तिचे मित्र होते. कामाचं ती त्यांना सांगायची आणि ते ऐकताना त्यांच्या डोळ्यांत जुना तजेला यायचा.

"मीटर शून्य दाखवतोय म्हणजे पेटीत ओल पसरलेली नाही," अण्णा म्हणाले. एकेक शब्द श्वासात बसवून बोलावं लागायचं. "कुठूनतरी एक बारीक झोत येतोय. स्फटिकावर आदळतोय. तिथंच संपतोय. कस्तू, एक स्फटिक ठेवू नकोस. तुकडे ठेव. मागच्या भिंतीपासून काचेपर्यंत ओळीनं. कुठल्या तुकड्याची कुठली बाजू खराब होते ते बघ. झोत कुठून येतो ते कळेल."

"सरी अण्णा," तिनं बाहेरच्या कन्नड सवयीनं होकार दिला.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बोलवू नकोस गं त्यांना फार. अलीकडे झोपेतून उठले की घसा पार कोरडा पडलेला असतो. पाणी पाणी करतात."

"मशीनची हवा," अण्णा म्हणाले. "कोरडी असते."

४

तिनं तुकडे मांडले. काही मागच्या भिंतीशी, काही मधे, काही काचेजवळ.

गळती असती तर ती पुढून असायची. हातमोजे पुढे, कड्या पुढे, जे काही फाटायचं ते पुढे. म्हणजे तुकड्यांच्या काचेकडच्या बाजू काळवंडायला हव्या होत्या. किंवा आर्गॉन आणणाऱ्या मागच्या नळीतून ओल येत असेल तर भिंतीजवळचे तुकडे आधी जायला हवे होते.

मागचे सगळे तुकडे झळझळीत होते. मधलेही. काचेजवळचे तेवढे गेले होते, आणि तेही त्यांच्या आतल्या बाजूनं.

कस्तुरीनं स्टूल पुढं ओढलं आणि शांतपणे विचार करायचं ठरवलं. झोत आतून बाहेर येत होता. तो मागच्या भिंतीपासून निघत नव्हता, कारण वाटेतले तुकडे चांगले होते. म्हणजे तो मधल्या तुकड्यांच्या पुढे आणि काचेजवळच्या तुकड्यांच्या मागे कुठेतरी निघत होता. तिथं काय होतं? तिनं हातमोज्यातला हात लांब करून त्या जागेतून फिरवला. स्टीलचा सपाट तळ. त्यावर काहीच नाही. वर दिवा.

ती तशीच बसली असताना मागची झडप वाजली. टक. तिनं लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं परत, टक. मग बराच वेळ काही नाही.

पुढच्या दिवसांत हे वाढलं. पूर्वी डाग सकाळी दिसायचा, आता जेवून येईपर्यंत दुपारीच पडू लागला. श्रीवत्स सरांनी पाठवायची तारीख पुढं ढकलून घेतली आणि त्यानंतर ते कस्तुरीच्या खोलीत येईनासे झाले. मुकुल तिथं गाणी लावायचा तेही बंद झालं. त्याला विचारलं तर म्हणाला, "गाणं लावलं की ते टकटक ऐकू येत नाही, ताई. अन् ऐकू नाही आलं तर जास्त भीती वाटते."

५

रविवारी तिनं हे अण्णांना सांगितलं. बाहेर आभाळ भरून होतं, धड पाऊस नाही, धड उघडीप नाही. आईनं दुपारीच दिवा लावला होता.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "डाग खाली ओघळल्यासारखा आहे, की समोरून?"

"म्हणजे?"

"नाकाचा श्वास खाली जातो. तोंडाचा समोर."

मशीन घुमत होतं. कस्तुरीला वाटलं, आपण हा विषय काढायलाच नको होता.

"समोरून," ती म्हणाली.

"म्हणजे तोंडानं." अण्णांनी मान हलवली, एखाद्या बिघडलेल्या मीटरचं निदान सापडावं तशी. "ज्याला नाकानं पुरत नाही तो तोंडानं घेतो." मग स्वतःशीच हसले. "म्हातारपणी माणूस काहीही बरळतो. लक्ष देऊ नकोस. झडप बदलून घे."

त्यांना हसताना ढास लागली. ती पाठ चोळत राहिली. पाठ इतकी कृश झाली होती की बरगड्यांच्या मधली जागा हाताला कळायची.

६

बुधवारी दुपारी मुकुल आणि बाकीचे जेवायला खाली गेले होते. ढगांनी खोली अंधारून आली होती, म्हणून पेटीतला पांढरा दिवा जास्तच प्रखर वाटत होता. यंत्रांसाठी खोली थंड ठेवलेली असे. कस्तुरी काचेच्या इतकी जवळ बसली होती की तिच्या श्वासानं काचेवर वाफ धरत होती आणि विरत होती.

तिला कळायला वेळ लागला की काचेवर वाफेचे दोन ठिपके आहेत.

एक तिचा. दुसरा थोडा खाली, बाजूला. तिनं बोटानं तो पुसला. बोट कोरडंच राहिलं. ठिपका काचेच्या आतून होता.

प्रतिबिंब असेल, तिनं स्वतःला बजावलं. दुहेरी काच, दिव्याचा कोन. तिनं श्वास रोखून धरला. तिचा ठिपका आक्रसत आक्रसत गेला.

दुसरा मोठा झाला. विरला. पुन्हा मोठा झाला.

आणि झडप त्याच्याबरोबर वाजत होती. टक टक. मग एक लांब, आणि त्या लांबाच्या मधोमध एक अडखळ.

कस्तुरीला वाटलं आपण किंचाळलो, पण आवाज आलाच नव्हता. तिनं खिशातून फोन काढून घरी लावला.

"आई, अण्णा काय करतायत?"

"झोपलेत. का गं?" आईचा आवाज सुखावलेला होता. "आज किती दिवसांनी घरघर नाही बघ. मीही म्हटलं, झोपू दे."

"त्यांच्या छातीवर हात ठेव."

"अगं, जागे होतील."

"आई, हात ठेव."

आईची पावलं ऐकू आली, गुडघ्यांमुळे सावकाश. इकडे काचेवर ठिपका आला, गेला. मग फोनमधून आई म्हणाली, "कस्तू, हलत नाहीये गं छाती. अंग गरम आहे, पण स्वल्पसुद्धा हलत नाहीये. अहो! अहो, उठा! कस्तू, काय करू मी?"

पुढं पुष्कळ वेळा कस्तुरीनं स्वतःला विचारलं, की त्या क्षणी तू काय समजत होतीस? समजत ती काहीच नव्हती. ती एवढंच बघत होती की ठिपका लहान होत चालला आहे, आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर वाढत चाललं आहे. फोन खांद्याशी दाबून तिनं उजव्या हातमोज्याची कडी पकडली, दोन्ही हातांनी ओढली, आणि तो अख्खा हातमोजा पेटीवरून उपटून काढला.

आर्गॉनला वास नसतो. पण त्या भोकातून जो झोत तिच्या तोंडावर आला तो कोमट होता, दमट होता, आणि त्याला निलगिरीच्या तेलाचा आणि कॉफीचा वास होता. अण्णांच्या खुर्चीचा वास.

फोनमध्ये कुणीतरी बुडता बुडता वर आल्यासारखा मोठा श्वास घेतला. मग खोकला. मग आईचं रडणं.

कस्तुरी जमिनीवर बसली. पेटीतले स्फटिक एकेक करून करडे पडत होते. तेवढ्यात मागून श्रीवत्स सरांचा आवाज आला, "अय्यो, हे काय केलंत?" त्यांनी धावत येऊन भोकावर लोखंडी झाकण दाबलं, पेच आवळले आणि आतली हवा ओढून घेणारा पंप सुरू केला. कुठलाही रसायनवाला हेच करेल. तिनंही केलं असतं.

७

सर तिला रागावले नाहीत. "घरी जा," ते म्हणाले. "वडिलांजवळ राहा. इथलं नंतर बघू." त्यांनी तिचं ओळखपत्र मागून घेतलं तेही खाली बघत.

अण्णा दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी घरी आले. डॉक्टर म्हणाले, नशीब. आश्चर्य म्हणजे त्यांना बरं वाटत होतं. भूक लागत होती. आईनं केलेला भात त्यांनी मागून घेतला. संध्याकाळी कस्तुरी त्यांच्या पायांशी बसली होती, तेव्हा ते सहज म्हणाले, "फार कोरडं होतं गं तिथं."

तिनं पाय चेपणं थांबवलं नाही.

"स्वप्न म्हणायचं," अण्णा म्हणाले. "रोजच पडायचं. पांढरा उजेड. समोर काच. काचेपलीकडं तू. मी हाका मारायचो, पण तुला ऐकू जायचं नाही. घशात ओलच नाही तर आवाज कुठून फुटणार?"

"आता पडतं का?"

"नाही. आता नाही." त्यांनी पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. मग, शेजाऱ्यांची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "त्या बाई आल्या का बाहेर?"

"कोण बाई, अण्णा?"

"होत्या एक. शेवटी शेवटी आल्या. मला दिसल्या नाहीत नीट, अगदी खांद्याशी होत्या. 'स्वल्प जागा कोडी' म्हणायच्या, काचेशी थोडी जागा द्या म्हणून. मी सरकायचो. त्यांना माझ्यापेक्षा जास्त धाप होती. तू उघडलंस तेव्हा मी निघालो, त्या माझ्या मागंच होत्या. तेवढ्यात झाकण पडलं."

८

कस्तुरीनं मुकुलला फोन केला. त्यानं उचलेपर्यंत तिला स्वतःच्या बोलण्याचं हसू आणि भीती दोन्ही वाटत होती.

"मुकुल, पेटी उघड. एकदाच. थोडा वेळ उघडी ठेव आणि मग बंद कर."

"ताई, ती तर सरांनी कालपासून पंपावर टाकली. पार सुकवायला. किल्ली त्यांच्याजवळ आहे."

"झडप वाजतेय का?"

"अण्णा कसे आहेत, ताई?" त्यानं विचारलं.

"मुकुल, वाजतेय का?"

"ताई, तुम्ही आराम करा ना," मुकुल म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "तुमच्या घरी एवढं झालं. मी सांगतो सरांना, पण ते मानणार नाहीत. मागणीची शेवटची तारीख आहे."

ती स्वतः गेली. वॉचमनला तिच्याबद्दल सांगून ठेवलेलं होतं. तो ओळखीचा होता, रोज नमस्कार करायचा. "मॅडम, ऊपर से ऑर्डर है," म्हणून त्यानं ओशाळून हात जोडले. सरांनी फोन उचलला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि कन्नडमध्ये हळुवारपणे म्हणाले, तुम्ही एखाद्या डॉक्टरांना भेटाल का, मी नाव देतो. परतताना बस उंच रस्त्यावरून जात होती. दोन्हीकडे इमारतीच इमारती, प्रत्येकीत कितीतरी खिडक्या. यातल्या कुठल्या खिडकीआड ती बाई असेल, कुणाची आई, कुणाची आत्या, खुर्चीत शांत झोपलेली? तिला उठवू नका म्हणून घरातले पावलं न वाजवता फिरत असतील. कस्तुरी बघत राहिली. शोधायचं म्हटलं तरी कुठून सुरुवात करायची तेच तिला कळेना.

पुढच्या आठवड्यात सकाळी मुकुलचा फोन आला. त्याच्यामागे हसण्याबोलण्याचे आवाज होते.

"ताई, जमलं! कालपासून पेटीत स्फटिक ठेवलेला आहे अन् एकही डाग नाही. एकदम साफ. सर म्हणाले तुम्हाला आधी कळव, तुमचीच मेहनत आहे. त्यांनी मैसूरपाक आणलाय सगळ्यांना. तुम्हाला परत बोलावणार आहेत."

"आणि झडप?"

"नाही ना! दोन दिवस झाले, अगदी चूप आहे. मी गाणीसुद्धा लावली आज."

तिनं फोन कानाशी घट्ट धरला. हसणं, कागदांची सळसळ, कुठलंसं हिंदी गाणं, आणि त्याखाली पंपाचा एकसुरी आवाज. दुसरं काही नव्हतं. तिनं पुष्कळ वेळ ऐकलं. शेवटी मुकुल म्हणाला, "ताई? आहात ना?"

बैठकीतून अण्णांनी विचारलं, "कुणाचा फोन?"

"ऑफिसचा."

"त्या बाई आल्या का?"

कस्तुरी दारात जाऊन उभी राहिली. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते, तोंडावर रंग आला होता. तिच्याकडे अशा आशेनं बघत होते की तिला नजर वळवता आली नाही.

"आल्या, अण्णा."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "मला घोर लागला होता. घरी कुणीच नाही, म्हणायच्या. हाक मारून उठवणारं कुणीच नाही." त्यांनी मान मागे टेकली, डोळे मिटले आणि पोटभर श्वास घेतला, लांब आणि अखंड.